बाहेरचे गडी

आमच्या सातारा-सांगली भागात 'बाहेरचा' हा शब्द फार लवचिक आहे. कराडच्या माणसाला विट्याचा माणूस बाहेरचा. सांगलीच्या माणसाला पुण्याचा बाहेरचा. आणि जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात तर बाहेरचा पैलवान असल्याशिवाय मैदानाला वजनच येत नाही. चौकातल्या फ्लेक्सवर एक नंबरच्या कुस्तीचे दोन फोटो असतात. एका बाजूला आपला गडी, समोर हरियाणाचा, पंजाबचा नाहीतर दिल्लीचा कोणीतरी. अलीकडे काही मैदानांत इराणी पैलवानसुद्धा दिसायला लागलेत. लोक खूश असतात. 'आमच्या जत्रेला इराणी आला होता' हे पुढच्या जत्रेपर्यंत सांगतात.

हीच मंडळी टीव्हीवर कबड्डी बघायला बसली की मात्र सूर बदलतो. "आपल्या कबड्डीत हे इराणी कशाला? त्यांना शिकवायचं आपण आणि मार खायचा पण आपणच!" हे वाक्य मी पारावर ऐकलंय, एसटीत ऐकलंय, आणि एकदा आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्येसुद्धा. कुस्तीला एक माप आणि कबड्डीला दुसरं, असं का बुवा? गेले दोन-तीन वीकएंड हा किडा डोक्यात वळवळतोय, म्हणून आज लिहून टाकतो.

परदेशी खेळाडूंचा हा वाद खरं तर फुटबॉलचा. जगातल्या छोट्या-छोट्या देशांच्या लीगमध्ये तो कायम चालू असतो. किती परदेशी घ्यायचे, किती मैदानात उतरवायचे, आपल्या पोरांना जागा कधी मिळणार, वगैरे. आपल्याकडे त्यासाठी फार लांब जायला नको. सांगलीहून कोल्हापूर तास-दीड तासाच्या अंतरावर. तिथे पेठांच्या, तालमींच्या फुटबॉल संघांकडून आफ्रिकेतले खेळाडू खेळून गेलेत. पण फुटबॉलमध्ये आपण घेणारे आहोत. बाहेरून कोणी आला की तो आपल्यापेक्षा चांगलाच असणार, हे आपण मनातून मान्य केलेलं असतं. कबड्डीत आपण देणारे. महाराष्ट्राने ज्या खेळाला नियमांत बसवायला मोठा हातभार लावला, बुवा साळवींसारख्या माणसाने ज्या खेळासाठी आयुष्य घातलं, त्या खेळात बाहेरचा येतो आणि आपल्याला घोट्याला धरून पाडतो. दुखतं ते तिथे!

तर आधी हकिकत काय आहे ती बघू. प्रो कबड्डी लीग सुरू झाली जुलै २०१४ मध्ये, आठ संघांनिशी. परदेशी खेळाडू पहिल्या हंगामापासूनच होते. दक्षिण कोरियाचा जांग कुन ली तेव्हापासून सलग सहा हंगाम बंगालकडून खेळला. इराणचा फझल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबामध्ये आला आणि मुंबईने त्या वर्षी विजेतेपद मिळवलं. डावा कोपरारक्षक. चढाईपटू बोनसच्या लोभाने जरा आत सरकला की याची घोट्यावर झडप पडलीच. २०१८ च्या लिलावात मुंबईने त्याच्यासाठी एक कोटी मोजले. या लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू कोण, तर एक इराणी! २०१४ च्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे ही उडी केवढी ते कळेल. पुढे २०२३ मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि त्याच हंगामात पुणे पहिल्यांदा विजेतं झालं. कर्णधार होता आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. त्या अंतिम सामन्यानंतर आमच्या सोसायटीत फटाके वाजले, आणि शादलू कुठल्या देशाचा आहे हे त्या रात्री कोणी विचारलं नाही.

म्हणजे क्लबसाठी खेळला की आपला, देशासाठी खेळला की परका. हे ठीकच आहे, जगभर असंच चालतं. पण मग २०१८ उजाडलं.

१९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातच्या सात सुवर्णपदकं भारताची. कबड्डीचं पदक म्हणजे जणू सातबाऱ्यावर नाव लागलेलं. ऑगस्ट २०१८ मध्ये जाकार्ताला आधी साखळीत दक्षिण कोरियाने आपल्याला २४-२३ असं हरवलं. मग उपांत्य सामन्यात इराणने २७-१८. इराणचा कर्णधार होता फझल अत्राचली. म्हणजे मुंबईने ज्याला कोटी दिले तोच. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने आपल्याला २७-२४ असं हरवलं. दोन दिवसांत दोन्ही सुवर्णपदकं गेली.

त्या रात्री मला माझ्या मावसभावाचा फोन आला होता. तो सांगलीकडे कबड्डी खेळायचा. आधी ५५ किलोच्या गटात, मग वजन वाढल्यावर खुल्या गटात. चांगला कोपरारक्षक होता. लीग सुरू झाली तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लीगमध्ये जायचं त्याचं स्वप्न होतं, ते झालं नाही. तो एवढंच म्हणाला, "दादा, बघितलंस न्हवं? आमच्या जागंवर बसून शिकली आणि आता आमालाच पाडलं." मी त्या वेळी काही बोललो नाही. काय बोलणार?

पण मी पडलो इंजिनियर. एखादा बग सापडला की तो नक्की कुठल्या बदलामुळे आला हे लॉगमध्ये मागे जाऊन बघायची आम्हाला खोड असते. म्हणून मागचे निकाल काढून बघितले. 'लीगमुळे इराण शिकला' हे खरं असेल तर लीगच्या आधी इराण कच्चा असायला हवा. २०१० मध्ये ग्वांगझूला अंतिम सामन्यात भारताने इराणला ३७-२० असं हरवलं. सतरा गुणांचा फरक. २०१४ मध्ये इंचॉनला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा इराण. या वेळी २७-२५. फक्त दोन गुण! या विजयी संघात आपल्या सांगलीचा नितीन मदने होता. आता तारखा बघा. लीगचा पहिला हंगाम ३१ ऑगस्ट २०१४ ला संपला आणि इंचॉनची स्पर्धा त्याच्या पुढच्याच महिन्यात सुरू झाली. पाच आठवड्यांच्या एका हंगामात कोणी सतरा गुणांचं अंतर दोनवर आणत नाही. म्हणजे इराण आधीच दाराशी येऊन उभा होता. लीगने फार तर दार उघडलं.

मग आला कुठून एवढा जोर? याचं निम्मं उत्तर आपल्या मातीतच आहे. इराण हा कुस्तीचा देश. पकडीत इराणी खेळाडूंची मजबुती बघा, खाली वाकून पायात घुसणं बघा. आमच्याकडच्या कुठल्याही वस्तादाला विचारलं तर तो म्हणेल, 'हा तर पट काढतोय!' कबड्डी आणि कुस्ती हे दोन्ही खेळ सातारा-सांगलीत शेजारी-शेजारी वाढले, पण आपण त्यांचे संसार वेगळे ठेवले. तालमीतलं पोरगं वेगळं, कबड्डीच्या मैदानातलं वेगळं. इराणने दोन्ही एकत्र करून दाखवले. खेळ आपला, डावही आपल्याला माहीत असलेला, फक्त जोडणी त्यांची. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे रोज घडतं. कोणीतरी कोड खुला करून ठेवतो, दुसरा त्यात आपल्याकडची एक गोष्ट घालतो, आणि मूळ प्रोजेक्टपेक्षा ते भारी चालायला लागतं. मूळ लेखकाला राग येतो खरा. पण शहाणा लेखक तो बदल वाचतो आणि आपल्याकडे घेतो.

आणि उत्तराचा दुसरा भाग तर अजूनच गमतीशीर आहे. २०१८ मध्ये भारताच्या महिलांना हरवणाऱ्या इराणच्या संघाची प्रशिक्षक कोण होती? नाशिकच्या शैलजा जैन! आपल्या मराठी बाई. जाकार्ताच्या आधी साधारण दीड वर्ष त्या इराणमध्ये राहिल्या, तिथल्या मुलींशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या, त्यांच्याकडून योगासनं, प्राणायाम करून घेतला आणि सुवर्णपदक मिळवून दाखवलं. आता यांना काय म्हणायचं? देशाचं गुपित बाहेर नेलं म्हणायचं का? मला तरी नाही वाटत. एका माणसाकडे विद्या आहे, कोणीतरी ती मागितली आणि तिने मनापासून दिली. महाराष्ट्रात अशी विद्या असलेले किती प्रशिक्षक कोणी न विचारल्यामुळे शाळेच्या मैदानावर निवृत्त होत असतील, हा प्रश्न मला जास्त बोचतो.

उलटा प्रवासही आहे बरं का. इराणच्या पुरुष संघाला जाकार्तात सुवर्ण मिळवून देणारे प्रशिक्षक घोलामरेझा माझंदरानी. त्याच वर्षी यू मुंबाने त्यांना आपला प्रशिक्षक म्हणून आणलं. म्हणजे नाशिकची बाई तेहरानमध्ये आणि इराणचा माणूस मुंबईत. चहापाण्याला एकमेकांकडे जाणारे शेजारी जसे, तसं.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत कुस्ती खेळलेला हा गडी मॅटवरच्या नियमांना नवखा होता. तिथे त्यांना शिकवलं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगिराने. खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांचा चपळपणा, त्यांची जिद्द गोळेश्वरचीच होती. पण मॅट कशाशी खातात ते एका परक्या माणसाने दाखवलं. गार्डनरने तेव्हा 'हा उद्या आमच्या पोरांना पाडेल' असा हिशेब केला असता तर?

त्याच्याही मागे जा. शाहू महाराजांनी पंजाबचे मल्ल कोल्हापुरात आणले, त्यांना पोसलं, त्यांच्याशी आपल्या मल्लांच्या कुस्त्या लावल्या. खासबागेचं मैदान १९१२ चं. त्या वेळीही कोणीतरी कुरकुरलं असेलच की, बाहेरच्यांना एवढं तूप-बदाम कशाला म्हणून. पण बाहेरच्यांशी झटायची ती सवय इथल्या तालमींत मुरली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपत आंदळकर १९६० मध्ये हिंदकेसरी झाले, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये. दोघेही सांगली जिल्ह्याचे. आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत दोघांनीही सुवर्णपदक आणलं. ती स्पर्धा कुठे झाली होती? जाकार्तालाच. जिथे ५६ वर्षांनी आपण कबड्डी हरलो.

इथपर्यंत सगळं छान छान झालं. विद्या वाटल्याने वाढते, वगैरे. पण मावसभावाच्या जागेचं काय? तो प्रश्न असा सुभाषितात गुंडाळून बाजूला ठेवता येत नाही.

हिशेब मांडू. २०१७ पासून लीगमध्ये बारा संघ आहेत. २०२३ च्या लिलावाच्या नियमांप्रमाणे एका संघात अठरा ते पंचवीस खेळाडू आणि त्यात परदेशी किमान दोन, जास्तीत जास्त चार. म्हणजे कमीत कमी चोवीस जागा परदेशी खेळाडूंसाठी राखीव. एकूण जागा दोनशे सोळा ते तीनशे. जास्तीत जास्त परदेशी धरले तरी अठ्ठेचाळीस. उरलेल्या दीड-दोनशेवर जागा भारतीयांच्याच आहेत. सांगली-साताऱ्याच्या पोरांना त्यातल्या किती मिळतात? कासेगावचा काशिलिंग आडके पहिल्याच हंगामात दबंग दिल्लीकडून चमकला, तेव्हा वाळवा तालुक्यात रात्री टीव्हीपुढे गर्दी व्हायची. पण काशिलिंग, नितीन मदने अशी दोन-चार नावं घेतली की पुढच्या नावासाठी थांबावं लागतं. उरलेल्या भारतीय जागांवर हरियाणाची पोरं मोठ्या संख्येने दिसतात. ती काही इराणहून आलेली नाहीत. त्यांच्याकडे गावागावांत सराव आहे, खुराक आहे, मॅट आहे, आणि कबड्डीतून नोकरी लागते हे घरच्यांना माहीत आहे.

आमच्याकडे काय होतं? मावसभाऊ मातीत खेळायचा. बल्बच्या माळा लावून रात्रीचे सामने, बक्षीस म्हणून ढाल आणि रोख रक्कम. मॅट त्याने पहिल्यांदा बघितली ती निवड चाचणीच्या दिवशी. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट चिकटतो. मातीत झेप घेताना शरीर घसरतं, मॅटवर गुडघा सोलतो. शिवाय लीगमध्ये तीस सेकंदांची चढाई, तिसरी चढाई करा किंवा मरा. त्याचं सगळं टायमिंगच वेगळं. एका दिवसात हे जमत नाही. त्या दिवशी तिथे एकही इराणी नव्हता. त्याची जागा कोणी घेतली नाही, तो जागेपर्यंत पोचायचा रस्ताच अर्धवट होता.

हे सगळे आकडे मी त्याला मागच्या दिवाळीत सांगितले. आता त्याचं शेत आहे, दुधाचा धंदा आहे, संध्याकाळी गावातल्या पोरांना कबड्डी शिकवतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तू इंजिनेर हाईस, तुला आकडं दिसत्यात. मला माझी जागा दिसती. चोवीसातली एक मिळाली असती तरी मला पुरली असती की." याला उत्तर नाही. हिशेब बरोबर असला तरी तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला कमीच पडतो.

मला मात्र हा वाद घालताना एक गोष्ट कायम आठवते. मी स्वतः ऑनसाईटवर तीन वर्षं काढली आहेत. परक्या देशात, परक्या क्लायंटकडे, तिथल्या एखाद्या माणसाला मिळू शकली असती अशा खुर्चीवर बसून. आमच्या क्षेत्रातली निम्मी मराठी घरं या 'परदेशी खेळाडू' कोट्यावर उभी राहिली आहेत. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आहे. ती वाढावी म्हणून आपण देव पाण्यात घालतो आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं तेव्हा ग्रुपवर दोन दिवस सुतक होतं. तिकडच्या कोणाचातरी मावसभाऊ 'आमच्या जागेवर बसून शिकले' असं म्हणत असेल तेव्हा आपण त्याला जागतिकीकरण समजावून सांगतो. मग इराणच्या पोराला कबड्डीत दोन जागा द्यायला आपलं मन एवढं कोतं का व्हावं? दोन्हीकडे एकच माप लावलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

आणि माप एकच लावायचं तर दोन्ही बाजूंनी लावू. परदेशी खेळाडू यावेत, पण ज्या लीगमध्ये एका खेळाडूवर दोन-सव्वादोन कोटी लागतात तिथून तालुक्याच्या गावाला एक मॅट, एक पगारी प्रशिक्षक मिळायला हरकत नसावी. कोटा राखायचाच तर तो रस्ता राखण्यासाठी राखावा. नाहीतर परदेशी बंद करून काय होणार? त्या चोवीस जागांवर पुन्हा ज्यांच्या गावात मॅट आहे तेच बसणार.

जाकार्तानंतर आपण काय केलं तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट अपुरी राहील. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझूला अंतिम सामन्यात पुन्हा इराण समोर. २८-२८ वर एका चढाईवरून भांडण, जुना नियम लावायचा की नवा यावर तासभर खेळ बंद (आमच्याकडे याला 'व्हर्जन कॉन्फ्लिक्ट' म्हणतात!) आणि शेवटी भारत ३३-२९. त्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे ही आपली दोन मराठी पोरं होती. इराण्यांसमोर घाबरून ती खेळली नाहीत, कारण इराणी काय करतो हे त्यांना रोजच्या लीगमुळे पाठ होतं. त्याच दिवशी महिलांनी सुवर्ण मिळवलं, समोर होतं चिनी तैपेई आणि फरक होता फक्त एका गुणाचा, २६-२५. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच तैपेई समोर, भारत ३५-२८. तैवानच्या मुलींना कोणी कोटी रुपयांची लीग दिली नव्हती. तरी त्या आल्याच. खेळ चांगला असला की तो कुंपणात राहत नाही.

मावसभावाकडे सध्या पंधरा-सोळा पोरं येतात. मातीतच. गेल्या महिन्यात त्याने मला मोबाईलवर शादलूच्या पकडींचे व्हिडिओ पाठवले आणि विचारलं, "दादा, हे जरा हळू करून, थांबवून थांबवून बघायचं कसं असतंय? पोरांना दावायचं हाय." मी शनिवारी बसून त्याला ते करून दिलं.

असो. भूक लागली, रविवारची मिसळ वाट बघतेय. तुमच्याकडे कोण बाहेरचा येऊन काय शिकवून गेला, ते जरूर कळवा.